व्याजदर उतरल्यावर

बँकेच्या रांगेत माझ्या पुढे आमच्या कॉलनीतल्या देशमुखबाई होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या ठेवीची मुदत संपली होती.

"बाई, आता व्याज बरंच कमी मिळेल," काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली. "मंदीनंतर वरूनच दर उतरवलेत. कर्जं स्वस्त व्हावीत म्हणून."

बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. शेजारच्या टेबलाशी एक तरुण जोडपं घरकर्जाच्या कागदांवर सह्या करत होतं. हप्ता आवाक्यात आला म्हणून दोघं खुशीत होती. त्यांचा राग तरी कसा यावा? घर त्यांनाही हवंच की. पण माझी नजर पुन्हा पुन्हा बाईंकडेच वळत होती. कुणी काही चोरलं नव्हतं, तरी जन्मभराची पुंजी अपुरी पडू लागली होती. माझं घरही अशाच ठेवीच्या व्याजावर चालायचं.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी माझा हात धरला.

"माझी आई पंच्याण्णव वर्षं जगली हो," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात सगळेच खूप जगतात."

एरवी हे त्या किती अभिमानानं सांगत. आज त्यांचा आवाज कापत होता.