प्रेशर कुकर आणि आयर्लंडचा अपक्ष

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे माझा अभ्यास हा सगळ्यांचाच विषय असतो. राज्यशास्त्राच्या सरांनी मला आयर्लंडमधल्या एका अपक्ष खासदाराच्या कारकिर्दीवर बोलायला सांगितलं. अब्बा कामावरून, भंगार यार्डातून परतले आणि बूट काढता काढता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याची निशाणी काय गो?"

ते मला माहीत नव्हतं. त्याचे आजोबा खासदार, वडील मंत्री, याला मात्र पक्षाने तिकीट नाकारलं. मग हा अपक्ष उभा राहिला आणि निवडून येतच राहिला, एवढं मी वाचलं होतं. निशाणी काही सापडेना.

"नसेलही," मी बिचकत म्हटलं.

"निशाणी नाय, मग लोक शिक्का मारणार कशावर? नीट शोध."

"चाचांना कुकर होता," अम्मी आतून म्हणाली. "ह्याला काहीतरी असेलच."

माझे चाचा गावाकडे जिल्हा परिषदेला अपक्ष उभे होते. टेम्पोवर खरा प्रेशर कुकर ठेवून, शिट्टी वाजवत सगळीकडे फिरले. आणि पडले.

मला वेगळीच धास्ती होती. वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं आणि या भाषणाशिवाय पास होणं शक्य नव्हतं. भाषणाच्या दिवशी उभी राहिले तर कागदावरचं काही दिसेना. तोंडून निघालं, "सर, यांची निशाणी मिळाली नाही."

"कसली निशाणी?"

मग कुकर सांगावा लागला. शिट्टीही वाजवून दाखवली. वर्ग हसला, पण मला ते हसणं बोचलं नाही. सर म्हणाले, तिथे मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोच असतो. तेव्हा मला पुढचं आठवलं. तिथे मतदार पसंतीचे क्रमांक देतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर ते मत दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला जातं. आमचा अपक्ष अशाच मतांवर तरत आला होता. चाचांना तर घरोघरी हेच ऐकायला मिळालं होतं: माणूस तुम्हीच चांगले, पण या वेळी मत आमच्या जावयाच्या पक्षाला द्यावं लागतंय. हेही मी सांगून टाकलं. कागद हातात तसाच राहिला.

"पास?" अब्बांनी दारातच विचारलं.

"पास."

दुसऱ्या पसंतीची गोष्ट मी त्यांनाही सांगितली. मग त्यांनी गावी फोन लावला. "अरे, आयर्लंडला उभा राहिला असतास तर आला असतास निवडून!"

चाचांचा आवाज मलाही ऐकू आला. "तिकडे कुकर मिळतो काय?"