बोट सुटली आणि बाबा जेट्टीवरच

मित्रांनो, आत्ताच हॉटेलवर पोचलोय. आज कोचीत फिरताना आमची बोट सुटली आणि वळून बघते तर बाबा नाहीत! त्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. हल्ली ते सगळं विसरतात, हॉटेलचं नावही आठवत नाही.

"भैया, वापस लो!" मी ओरडले. बोट थांबेना. आई नुसती रडत होती.

पुढच्या बोटीने परत आलो. जेट्टीवर नाहीत, बाजारात नाहीत. पाण्याकडे बघायची हिंमत होईना.

तासाभराने बाबा एका गल्लीतून चालत आले. मुठीत सेवचं रिकामं पाकीट.

"अगं, डस्टबिनच मिळेना. आपण स्वच्छ इंदूरचे, रस्त्यावर कसं फेकणार?"

मी तिथेच बसून रडले.

बाबा सगळं विसरले, हे नाही विसरले. उद्या हेही विसरले, तर मी त्यांना शोधू कुठे? कुणाच्या घरी असं आहे का? सांगा ना, प्लीज.