सोमवारपासून येऊ शकाल का

कोरियन मी लातूरच्या हॉस्टेलवर मोबाईलवरून शिकले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे कामाचं आहे की नाही, हे विचारायला कुणी नव्हतं. जमतं, शक्य आहे, हे कसं सांगायचं तो धडा मला सगळ्यात आवडायचा. 'काल सु इस्सोयो', म्हणजे मी जाऊ शकते. मध्ये एक 'दो' आला, 'काल सुदो इस्सोयो', की जाईनही कदाचित. पहिलं वाक्य मी वहीभर लिहिलं होतं.

पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी हवी होती. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती आणि मी सुट्टीत उदगीरला घरी होते. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मोबाईलमध्ये दिसू नये म्हणून मी त्यांना थोडं सरकायला सांगितलं.

"मी काय चोरी करायलोय का?" म्हणाले, पण सरकले.

सगळं नीट चाललं होतं. मग समोरच्या कोरियन बाईंनी विचारलं, सोमवारपासून येऊ शकाल का?

प्रश्न मला पूर्ण कळला होता. उत्तर तोंडात तयार होतं. तरी मी अप्पांकडे पाहिलं.

"काय म्हणायलीय ती?"

"सोमवारपासून येतीस का, विचारायलीय."

"एकटी? राहायचं कुठं? बघून सांगते म्हण. न्हाई म्हणू नको पण, लोक चांगले दिसायलेत."

मी 'दो' घालून उत्तर दिलं. बाई हसल्या, आभार मानले, कॉल संपला.

"लई झकास बोललीस," अप्पा म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

आठवड्याने मेल आला, दुसऱ्या कुणाची तरी निवड झाली होती. मी घरात सांगितलं नाही. अप्पा अजून गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या पोरीला कोरियन येतं. परवा त्यांनीच विचारलं, "त्या बाईचा फोन आला न्हाई का पुन्हा?"

"नाही आला."

"असं कसं? आपण कुठं न्हाई म्हणलो होतो?"

ते खरंच होतं. मला त्यांचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. मी सरळ हो म्हटलं असतं, तरी त्यांना त्यातलं अक्षर कळलं नसतं. भांडण झालं असतं ते नंतर, सोमवारच्या आधी कधीतरी. मला ते भांडण नको होतं, एवढंच.