इअरफोनमधली खरखर

रविवारी दुपारी नवरा इअरफोनची वायर कापून तिच्यात इवलासा रेझिस्टर सोल्डर करत बसला होता. दोन गाण्यांच्या मधे बारीक खरखर येते, ती त्याला घालवायची होती. वायरीची केसासारखी टोकं तो किती हळुवार पिळत होता! मला चक्क त्या वायरीचा हेवा वाटला. इतकी बारीक खरखर टिपणाऱ्या कानांना चहासाठी मारलेली माझी हाक मात्र ऐकू आली नव्हती.

काम झाल्यावर त्याने इअरफोन माझ्या कानात बसवला. "येतेय का गं खरखर?"

अगदी जवळ वाकून तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. माझ्या बोलण्याकडे असा जीव लावून त्याने कितीतरी दिवसांत लक्ष दिलं नव्हतं. कानात निखळ शांतता होती.

"येतेय रे अजून थोडी," मी म्हणाले.