प्रमिलाचा जोडविषय

ज्या डोहात आपला बैल पाणी पितो, त्याच डोहात औषध फवारायचा पंप धुणाऱ्या बापाचं नाव तुम्ही कॉलेजच्या प्रकल्पात लिहिलं असतं का? खरं बोला. नसतंच लिहिलं. प्रमिलानं लिहिलं.

नव्वदीनंतरची गोष्ट. भडगावकडची ही पोरगी धुळ्याला शिकत होती. मुख्य विषय भूगोल, जोडविषय पर्यावरण. कॉलेजच्या लेखी जोडविषय म्हणजे लोणचं, ताटात दिसलं की झालं. सरांनी सांगूनच टाकलं होतं, "ओझोनवर लिहा. गाईडात आहे. सगळे पास!"

प्रमिलाच्या डोळ्यांपुढं ओझोन नव्हता, ढवळ्या होता. पोळ्याचा सण ऐन कपाशीच्या फवारणीत येतो. आदल्या दिवशी गावानं गिरणा नदीच्या डोहात पंप खळबळून धुतले आणि पोळ्याला त्याच डोहात बैल उतरवले. सांजच्याला ढवळ्याच्या तोंडाला फेस आला. पुरणपोळी पुढ्यात तशीच राहिली आणि तो आडवा झाला. गाव म्हणालं, नजर लागली. लिंबू कापलं, भगत आणला. बैल गेला तो गेलाच.

तिनं हे सगळं लिहिलं. पंप कोणाकोणाचे, तेही लिहिलं. पहिलं नाव बापाचं.

"अगं बाई, हा जोडविषय आहे, पोलीस ठाणं नाही," सर हसले. "नावं काढ, सही करतो."

"मग बैल कशानं मेला म्हणून लिहू, सर? ओझोननं?"

सरांचं हसू मावळलं. त्यांनी गावाकडच्या माणसाबरोबर बापाला निरोप धाडला. ती घरी आली तेव्हा बाप, झुलाल आबा, ओसरीवर उभाच धुमसत होता.

"बठ्ठा गाव पंप धुस, आनि नाव मनं लिखस? कॉलेजमा हाईच शिकाडतंस का?"

"बैल आपलाच मरना ना, आबा?"

"नाव खोड. नही ते धुळं बंद!"

तिनं खोडलं नाही. सरांनी सही केली नाही. जोडविषयात नापास, आणि धुळंही बंद.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती कंबरभर पाण्यात जाऊन उभी राहिली. काठावर पंपवाल्यांची टिंगल सुरू झाली. "वं बाई, परीक्षा शे का आठे, पानीमा?" त्यांच्यात बापही पंप घेऊन उभा. बाकीच्यांनी तिला वळसा घालून पंप धुतले. आबा मात्र पंप तसाच पाठीवर टाकून परतला, आणि पोळ्याला उरलेला बैल त्यानं डोहावर नेलाच नाही. विहिरीचं पाणी शेंदून घरीच धुतला. बायकोनं कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

धुळं मात्र त्यानं शेवटपर्यंत उघडलं नाही. आपलं चुकलं, हे बैलापुरतं कबूल. पोरीपुढं कबूल करायला जीभ रेटली नाही.

तुमच्याही घरात पंप असेल. तो नदीत, विहिरीवर धुऊ नका. आणि कुणी पोरगी आडवी आली, तर तिला वळसा घालू नका.