झिंगूची काच

…तर बरणी फुटली, इथवर आलो होतो आपण. लोणच्याची बरणी ती, शेजारणीच्या माहेरून आलेली! आमचा शेजारी झिंगू तिच्यात रबरी बेडकांचं प्लास्टिक तापवत होता. मरळ मासा बेडकावर झेपावतो, म्हणून हा पठ्ठ्या गळाला लावायचे नकली बेडूक बनवतो. दुधासारखं पांढरं प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं, ते नितळ झालं की साच्यात ओतायचं. त्या दिवशी बरणी हातातच तडकली आणि काचेची कपची डोळ्याखाली रुतली. जराशी वर रुतली असती तर!

तेव्हापासून त्याची बायको धुरपता एकच बोलायची, "आणखी एक काच फुटू द्या, मंग तुमचे बेडूक तलावात अन् मी माहेरी."

मग झिंगू मला घेऊन मूलच्या बाजारात गेला. भांड्यांच्या दुकानात त्यानं काय करावं? रांजण वाजवून घेतात ना, तशी एकेका काचेला टिचकी! सगळ्यात जाड भांडं खणखणीत वाजलं. गडी खूश.

"हेच द्या जी."

"कायले पाह्यजे?" दुकानदारानं विचारलं, आणि कारण ऐकून भांडं परतच घेतलं. "अरे बाबा, तुही बरणीबी अशीच वाजत होती ना? जाड काच आतून तापते, बाहेरून थंडच राह्यते, अन् मंग तडकते. तुले ताव सोसणारी बोरोसिलिकेट काच पाह्यजे."

त्यानं पातळ काचेचं, दांडीचं, ओतायला चोच असलेलं भांडं काढलं. जाळावर ठेवू नको, ओलं असताना वापरू नको, तापलेलं ओल्या जागी टेकवू नको, ओरखडा पडला की फेकून दे, असं बजावलं. झिंगू त्या पातळ काचेकडे असा बघत होता, जशी सासू सुनेच्या पहिल्या भाकरीकडे! मला हसू आवरेना. पण बसमध्ये गावापर्यंत त्यानं ते भांडं मांडीवरून हलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम मांडलं. वाफ घरात कोंडू नये म्हणून मायक्रोवेव्हचं मशीन बाहेर छपरीत. धुरपतानं पोरं माझ्या अंगणात पाठवली आणि स्वतः खांबाला धरून उभी राहिली. झिंगूच्या हातात जाड मोजे, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा चष्मा. मशीन थांबलं. प्लास्टिक नितळ झालेलं. त्यानं साचे भरले. हुश्श केलं मी! आणि उरलेल्या प्लास्टिकचं भांडं खाली ठेवायला तो वाकला.

आता आमच्याकडे तापलेलं भांडं जमिनीवरच टेकवायची सवय. आणि छपरी धुरपतानं सकाळीच सारवलेली, शेण अजून ओलं.

"अवो, ओलं हाये ना!" ती किंचाळली.

झिंगू वाकलेलाच थिजला. भांडं जमिनीपासून वीतभर वर. आत गरम प्लास्टिक डुचमळू लागलं. धुरपतानं धावत कोरडा पाट आणला, त्यावर गोणपाटाची घडी टाकली. त्यानं हळूच भांडं टेकवलं. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. काही तडकलं नाही.

"काच तं पास झाली, गड्या," मी म्हटलं. "आता उद्या किती बेडूक?"

झिंगूनं चष्मा काढला, बायकोकडे पाहिलं.

"भाऊ, काचेचं जाऊ द्या, माहा हात अजून थरथरून राह्यला. पह्यले जमीन वाळू द्या. मंग धुरपता हो म्हणन तं बेडूक, नाईतं मासे धराले जाळं हायेच आपलं."