ताडकळसला ताक मिळालं नाही

आमच्या ह्यांना कंपनीने ताडकळसला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी भिंतीवरच्या नकाशात ते गाव शोधलं. सापडलं नाही. परभणी सापडली, पूर्णा जंक्शन सापडलं, आणि ताडकळस तिथेच कुठेतरी असणार, असं ह्यांनी बोट ठेवून दाखवलं. "तिथल्या केंद्रात नवं इंजिन आणि मलईचं यंत्र नीट बसवायचं, की परत," हे म्हणाले. मी म्हटलं, मीही येते. निजामाचा मुलूख मी पाहिला नव्हता, आणि ज्या कंपनीच्या पगारावर आमचं घर चालतं तिचं दूध कुठून येतं, तेही पाहिलं नव्हतं.

कंपनी मोठी आहे. तिचा मुंबईतला कारखाना मी एकदा पाहिलाय. पांढऱ्या फरशा, वाफेच्या नळ्या, आणि खोलीएवढं लाकडी पिंप गरागरा फिरतंय, त्यात लोणी निघतंय. तिथे दूध मात्र कुठेच दिसत नाही. गावोगावच्या केंद्रांत दुधातून मलई काढतात, फक्त तीच आगगाडीने मुंबईला येते. सध्या लढाईमुळे लोण्याचे बहुतेक डबे फौजेला जातात. मला त्या सगळ्याचा अभिमानच होता.

मनमाडला गाडी बदलावी लागते. तिथून निजाम स्टेटची लहान रुळांची गाडी. तुम्ही जाणार असाल तर मनमाडलाच पोटभर जेवून घ्या आणि फिरकीचा तांब्या भरून घ्या, कारण पुढे गाडी कुठे किती थांबेल ह्याचा भरवसा नाही. हद्द ओलांडल्यावर करोडगिरीचे शिपाई सामान तपासायला डब्यात चढले. माझ्या ट्रंकेत कंपनीच्या लोण्याचा डबा होता, जिथे उतरणार त्या घरी द्यायला. शिपायाने तो कानाशी हलवून पाहिला.

"इसमें क्या है?"

"मस्का."

"परभनीकू मस्का ले जारै?" तो इतका हसला की समोरच्या बाकावरची माणसंही हसायला लागली. जकात न घेताच त्याने डबा परत दिला.

पूर्ण्याला उतरल्यावर पहिलं काम पैसे बदलायचं. इथे निजामाचा हाली सिक्का चालतो. आपला कलदार रुपया लोक आनंदाने घेतात, पण सुटे परत देताना घोळ घालतात, तेव्हा स्टेशनसमोरच्या दुकानातच बदलून घ्या. पुढे छपराची बैलगाडी. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची वेचणी चाललेली, ज्वारी गुडघ्याला लागलेली. गाडीवानाने सांगितलं, पावसाळ्यात हिकडं येऊ नका, माती चाक सोडत न्हाई. जागोजाग म्हशी चरताना दिसत होत्या, काळ्याभोर, अंगाने भरलेल्या. मी ह्यांना म्हटलं, इथे दुधाला काय तोटा!

आम्ही उतरलो मन्मथप्पांच्या घरी. ते लिंगायत व्यापारी, कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, किराणा मालाचं दुकान. गावातलं दूध कंपनीला गोळा करून देण्याचं कामही त्यांच्याकडेच. त्यांची बायको गौराक्का माझ्याच वयाची. तिने पाय धुवायला पाणी दिलं, आणि पहिल्या अर्ध्या तासात माझं माहेर, सासर, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती बादलीत पडणाऱ्या धारांच्या आवाजाने. गोठ्यात म्हशींच्या धारा काढणं चाललं होतं. मी तोंड धुऊन चुलीपाशी जाऊन बसले. गौराक्काने पितळी वाटीत चहा दिला. गुळाचा, कोरा.

"थोडं दूध घालता का?" मी विचारलं.

ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "दूध शेंटरला गेलं, ताई. समदं."

"सगळं?"

"कलदार येतोय न्हवं ह्यांच्या हातात."

मला वाटलं, आज काहीतरी अडचण असेल. दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा असं झकास जेवण होतं. ठेचा झोंबला म्हणून मी ताक मागितलं. अंगणात शेण भरणारी सोनाबाई एकदम हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"ताक?" ती म्हणाली. "ताईसाहेब, ताक आता सपनातच."

गौराक्काने तिला गप्प केलं नाही. उलट भाकरी थापता थापता मला सगळं सांगितलं. आधी ती रोज पहाटे घुसळायची. लोणी कढवून तूप व्हायचं, ते बाजारी जायचं, त्याचा पैसा तिच्या कनवटीला. ताक मात्र कुणी विकत नसे. ज्यांच्या घरी दुभतं नाही अशा बाया गाडगी घेऊन यायच्या आणि घेऊन जायच्या. हीच रीत साऱ्या गावाची. कंपनीचं केंद्र आलं, दुधाचे रोख पैसे पुरुषांच्या हातात पडायला लागले, आणि घुसळणं बंद झालं.

"म्हस मीच सांभाळायची, शेण मीच काढायचं," गौराक्का म्हणाली. "दूध तेवढं ह्यांचं झालं."

सोनाबाईची धाकटी मुलगी तापातून उठली होती. दोन वर्षांची, पण कडेवर घेतली तर पाखराएवढी लागायची. कोरडी भाकरी तिला गिळवत नव्हती. "ताकात कुस्करली की खाती वो," सोनाबाई म्हणाली. "पाण्यात कुस्करली की थुकती."

मी आणलेला डबा ट्रंकेतून काढून गौराक्काला दिला. तिने बोटभर लोणी चाटून पाहिलं.

"मिठाचं हाय व्हय?" मग डब्यावरचं चित्र निरखून म्हणाली, "ह्येच्यात आमच्या म्हशीचं आसल का वो?"

"असेल," मी म्हटलं. तिने पुन्हा चाटलं, जणू ओळख पटतेय का बघत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्र पाहायला गेले. ओढ्याच्या काठी पत्र्याची लांब शेड. घागरी, कासंड्या, डबे घेऊन माणसांची रांग. ह्यांनी इंजिन सुरू केलं आणि मलईचं यंत्र भिरभिरायला लागलं. वर दूध ओतायचं. खाली दोन तोट्या. एकीतून पिवळसर मलईची बारीक धार, दुसरीतून पातळ, निळसर दुधाचा लोट. मलईच्या कॅनवर ओलं गोणपाट गुंडाळून ते बैलगाडीने पूर्ण्याला रवाना. सगळं इतकं चटपटीत की दुपारपर्यंत शेड रिकामी झाली.

पातळ दुधाचं काय करतात, ते शेडमागे दिसलं. मोठ्या हौदात ते तापवून त्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, ओततात. चर्र करून दूध फाटतं. चोथा दाबून, किसून बाजांवर वाळत घालतात. लांबून मला ती खिरापतच वाटली. मी चिमूटभर उचलली.

"तोंडात घालू नका!" मॅनेजर ओरडले. ते मुंबईचेच, सभ्य गृहस्थ. "खायचं नाही ते. ह्याची बटणं होतात. आणि सरस. विमानाच्या फळ्या चिकटवतात त्याने."

बटणं! तीन बाजांवर दूध वाळत पडलं होतं आणि त्याची बटणं होणार होती. हात लुगड्याला पुसला तरी खरखर जाईना. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" हे म्हणाले, "सरसाचं ठाऊक होतं. ताकाचं नव्हतं."

मग तो दिवस उजाडला. तेजाबाच्या बरण्या मनमाडला अडकल्या होत्या. फौजेच्या सामानापुढे त्यांना जागा मिळाली नव्हती. मला वाटलं, बरंच झालं, आज पातळ दूध गावाला मिळेल. सोनाबाईलाही तेच वाटलं असावं. ती मुलीला कडेवर मारून, हातात डबा घेऊन केंद्रावर गेली. तिच्यामागे आणखी बाया. मीही गेले.

तोटीला पन्हळ लावली होती. पन्हळीचं दुसरं टोक ओढ्यात.

ओढा पांढरा झाला होता. मी डोळे चोळले. दगडांवरून, शेवाळावरून दूध वाहत होतं, खड्ड्यांत साचत होतं, कुत्री चाटत होती. सोनाबाईने पुढे होऊन डबा पन्हळीखाली धरला. पहारेकऱ्याने काठीने तो बाजूला सारला. डबा दगडावर आपटला आणि मुलगी दचकून रडायला लागली.

"अहो, घेऊ द्या ना त्यांना!" मी मॅनेजरना म्हटलं. "फेकताच आहात!"

"बाई, तुम्हाला कळत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आज फुकट दिलं तर उद्या मागतील. परवा तेजाब आलं की तेव्हाही मागतील. आणि ह्या दुधाने कुणाचं पोर आजारी पडलं तर बोल कुणाला?"

दोन बाया ओढ्यात उतरल्या आणि खड्ड्यातलं दूध ओंजळीने गाडग्यात भरायला लागल्या. चिखलासकट. तेवढ्यात इंजिनाची धडधड थांबली. ह्यांनी ते बंद केलं होतं.

"आपटे, सुरू करा," मॅनेजर ह्यांना म्हणाले.

"नाही करत," हे म्हणाले. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना वरिष्ठांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला आणि ते शेडबाहेर येऊन उभे राहिले.

रांगेतली माणसं मन्मथप्पांकडे बघायला लागली. मन्मथप्पा जमिनीकडे. आणि त्याच वेळी डोक्यावरचा पदर सावरत गौराक्का आली. ह्या शेडमध्ये तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने ओढ्याकडे पाहिलं, चिखलात वाकलेल्या बायांकडे पाहिलं. नवऱ्याशी सर्वांसमोर बोलायची रीत नव्हती. ती माझ्याकडे तोंड करून बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"ताई, ह्यांला सांगा. माझ्या म्हशीचं दूध मातीत जायला मी धारा काढत न्हाई. उद्यापसून माझ्या घरचं दूध हितं यायचं न्हाई."

ती सोनाबाईचा चेपलेला डबा उचलून, तिच्या मुलीला कडेवर घेऊन घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कान देऊन पडले होते. आधी आमच्याच घरातून घुसळण्याचा आवाज आला. मग शेजारून. मग पलीकडच्या आळीतून. केंद्रावर इतकं थोडं दूध आलं की यंत्र चालवणंच परवडेना. मन्मथप्पा दोनदा आत येऊन बायकोला काहीतरी म्हणाले. तिने रवी थांबवली नाही. तिसऱ्यांदा ते आले आणि तिच्याजवळ पाटावर नुसते बसून राहिले.

दुपारी मॅनेजर स्वतः दारात आले. गौराक्का दाराआडून बोलली.

"बाई, मुंबईला मला तोंड दाखवायचंय," ते म्हणाले. "काय हवंय?"

"साय तुमची. खालचं दूध गावाचं. जी बाई भांडं घिऊन यील तिचं."

त्यांनी अंगणातल्या भरल्या कासंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेजाब येईपर्यंत."

"यील तवा बगू," गौराक्का म्हणाली.

आम्ही तिथे होतो तोवर रोज सकाळी पन्हळीखाली गाडगी लागायची. सोनाबाई त्या दुधाला विरजण लावायची. तिची मुलगी ताकात कुस्करलेली भाकरी खायची, आणि सगळी हनुवटी पांढरी करून माझ्याकडे बघायची.

आम्ही निघालो त्याच दिवशी पूर्ण्याच्या स्टेशनात तेजाबाच्या बरण्या उतरत होत्या. मी गाडीत बसून त्या बघत होते. नंतर ह्यांच्या एका सोबत्याकडून कळलं की मॅनेजरांनी पुन्हा बटणांचा कारभार सुरू केला. पण केंद्रावर पूर्वीएवढं दूध काही येत नाही, घरटी एकेका म्हशीचं दूध बाया घरीच ठेवतात. ह्यांच्याविरुद्ध मुंबईला तक्रार गेली होती. आता त्यांना गोदामात, डबे मोजायच्या कामावर बसवलंय. ते कुरकुरत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, यंत्र मी फारच चांगलं बसवलं होतं, थेंबभर साय राहत नव्हती दुधात.

त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. माणसं जीव लावतात, गुळाचा कोरा चहाही चार दिवसांत आवडायला लागतो. फक्त रस्त्याकडेच्या भरल्या म्हशी बघून माझ्यासारखा अंदाज बांधू नका.

मुंबईला आल्यावर आमच्या चाळीतल्या कुमुदताई नळावर भेटल्या. प्रवास कसा झाला, ऊन होतं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "तिकडे दूधदुभतं भरपूर असेल नाही?"

"हो," मी म्हटलं. "ओढ्याला वाहतं."

त्या कौतुकाने हसल्या. मी घागर उचलली आणि वर आले.